तुझा दास, तुझी दासी आणि रविवार

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या रविवारवरून वाद पेटलाय. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की पुण्याला आयटीत असलेल्या पोरांनी प्रभूच्या दिवशी लॅपटॉप उघडू नये. झालं, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पवित्रपणे पाळा हे बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय, त्यात चर्चा कसली? दुसरी बाजू मार्काच्या शुभवर्तमानाकडे बोट दाखवते: शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही. शिवाय क्लायंट काय आपली उपासना संपायची वाट बघत बसणार आहे? मग कोणीतरी नारायण मूर्तींचे आठवड्याचे 70 तास काढले. कोणीतरी एल अँड टीच्या अध्यक्षांचे 90 तास आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, हा त्यांचा प्रश्न काढला. गाडी तिथून पुढे हलली नाही.

मी स्टुटगार्टजवळ एका वृद्धाश्रमात नर्स आहे. महिन्यातले निदान दोन रविवार माझे ड्यूटीत जातात. पाळकसाहेबांच्या हिशेबानं मी आज्ञा मोडणारीच. (दहा आज्ञांपैकी हिला आम्ही प्रोटेस्टंट चौथी आज्ञा म्हणतो, वसईचे कॅथलिक तिसरी म्हणतात आणि इथले लूथरन पंथाचे प्रोटेस्टंटही तिसरीच. माझ्या मैत्रिणीशी यावरून अर्धा तास वाद झाला, तोही रविवारीच.) पण घरची चर्चा वाचताना सारखं वाटत राहतं की दोन्ही बाजू आज्ञेचं पहिलं वाक्य वाचून थांबल्यात. पुढे यादी आहे. तू काम करू नकोस, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. आणि बायबलातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात कारणही दिलंय: तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, तू स्वतः मिसरात, म्हणजे इजिप्तात, दास होतास, ते विसरू नकोस. म्हणजे ही आज्ञा मालकाला उद्देशून आहे. आयटीतल्या पोरानं लॅपटॉप उघडला का, यापेक्षा तो उघडायला लावणाऱ्याला ती जास्त बोचायला हवी.

इथे रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध संपलं हे लक्षात आलं नाही, तर रेल्वे स्टेशनातलं दुकान गाठायचं आणि तिथे सगळ्या गावाबरोबर रांगेत उभं राहायचं. ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. 1919 च्या वायमार राज्यघटनेत रविवारच्या विसाव्याला संरक्षण दिलं होतं. ते कलम आजच्या घटनेत जसंच्या तसं उचललंय. बर्लिन राज्यानं नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे करून दिले, तेव्हा चर्च न्यायालयात गेली आणि 2009 च्या डिसेंबरात घटनात्मक न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. या लढ्यात चर्चच्या जोडीला कामगार संघटना असतात हे मला फार आवडतं. इथल्या दोन मोठ्या चर्चचे सभासद आता लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी आहेत, रविवारी देवळं ओस पडलेली असतात, तरी सुट्टी टिकून आहे. वचन कायद्यात उतरलं की त्याला श्रद्धेची फारशी गरज उरत नाही, असं दिसतं.

माझ्यासारख्यांना रविवारी काम करावंच लागतं. पण त्याबदली दोन आठवड्यांच्या आत दुसरी सुट्टी द्यावी लागते आणि वर्षातले किमान 15 रविवार मोकळे ठेवावे लागतात. ड्यूटी लिस्ट लागली की आमची वॉर्ड इनचार्ज प्रत्येकीच्या नावापुढचे रविवार पेन्सिलीनं मोजते. ती स्वतः कधी चर्चला जाताना मी पाहिली नाही.

पण इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. रविवारी दुपारी आमच्या गल्लीत सायकलवर पाठीला चौकोनी पेटी बांधून पिझ्झा पोचवणारी पोरं बहुतेक आपल्याच देशातली असतात, शिकायला आलेली. वेशीच्या आतला परका तो हाच. निवांत रविवारची घंटा त्याच्यासाठी वाजत नाही.

आता आपल्याकडचं. मुंबईत इंग्रज साहेब रविवारी चर्चला जात होता, पण गिरणी कामगाराला ती सुट्टी नव्हती. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते सत्यशोधक, महात्मा फुल्यांचे सहकारी. 1884 मध्ये त्यांनी मागण्या मांडल्या: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. सहा वर्षं झगडल्यावर 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगितलं जातं. शास्त्र ज्यांच्या हातात होतं त्यांनी दासाला विसावा दिला नाही, तो खंडोबाच्या भक्तांनी मागून घेतला. आमच्या मंडळीत यावर कधी उपदेश झालेला मी ऐकला नाही.

2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 करायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास 48 च राहतील असं सांगितलं गेलं. ही बातमी ग्रुपवर कोणीच टाकली नाही. आमच्यातलं कोणी कारखान्यात नाही ना!

आणि घरात? रविवारी आमच्याकडे उपासनेहून आल्यावर मटण असतं, पाहुणे असतात, म्हणजे इतर दिवसांपेक्षा दुप्पट भांडी. भांडी घासणाऱ्या मावशी सकाळी येतात आणि आम्ही देवळात असताना पुन्हा एकदा येऊन जातात. त्यांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सण असला किंवा आजारी पडल्या तरच खाडा. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की पोरांच्या लॅपटॉपचं नंतर बघू, आधी मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी द्या. पाच मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. मग वहिनीचा मेसेज आला: "मग भांडी कोण घासणार? तू येतेस का जर्मनीहून?"

तिचा राग चुकीचा नाही, कारण मावशींची सुट्टी शेवटी तिच्याच अंगावर पडणार. मी लिहिलं, दादा घरीच असतो रविवारी. त्यावर दादाचा अजून काही मेसेज नाही. दोन निळ्या खुणा मात्र दिसतायत.