मूलनिवासींच्या ठेक्यांना खैरात म्हणण्याआधी

'कॅनडातल्या मूलनिवासींना धंदा जमत नाही. म्हणून सरकारने बड्या कंपन्यांना त्यांच्याकडूनच खरेदीची सक्ती केलीय. नाव त्यांचं, नफा दुसऱ्याचा.' हा दावा तिथल्या मराठी मंडळींतही फिरतो, आणि नव्याने गेलेल्यांना तो खरा वाटतो. त्यातला एकेक मुद्दा पाहू.

धंदा जमत नाही म्हणे! पश्चिमेकडच्या प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानांच्या प्रांतांत फर्स्ट नेशन्सचे (मूलनिवासींतला एक मोठा गट) लोक शेती उभी करत होते, तेव्हा 1881 मध्ये मूलनिवासींसाठीच्या कायद्यात, म्हणजे इंडियन अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि सरकारी एजंटाच्या परवान्याशिवाय त्यांना स्वतःचं धान्य विकता येईना. गोरा शेजारी गाडी भरून बाजार गाठायचा आणि यांचा माल परवान्यासाठी अडून राहायचा. ती तरतूद कायद्यातून निघाली थेट 2014 मध्ये. कलम 89 तर आजही आहे. त्यानुसार रिझर्व्हवरच्या, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवरच्या, त्यांच्या मालमत्तेवर बाहेरच्याला सहसा बोजा चढवता येत नाही. जमीन राखायला हे हवंच, पण मग बँकेकडे तारण काय ठेवायचं? तारणाशिवाय खेळतं भांडवल मिळत नाही, आणि भांडवल नसताना मोठी निविदा भरणार कशी? हा अडसर कर्तबगारीचा नाही, कायद्याने घातलेला आहे.

सक्तीचं म्हणाल, तर 2021 मध्ये जाहीर झालेलं किमान 5 टक्के ठेके मूलनिवासींच्या उद्योगांना देण्याचं लक्ष्य केंद्र सरकारच्या खात्यांसाठी आहे. खासगी कंपन्यांना ते लागू नाही. त्या खरेदी करतात, कारण त्यांच्या खाणी आणि तेलप्रकल्प याच समाजांच्या पिढीजात भूमीवर आहेत आणि तिथे काम करायचं तर त्यांच्याशी करार करावे लागतात.

यातून काय उभं राहतं ते उत्तर अल्बर्टात दिसतं. फोर्ट मकाय फर्स्ट नेशनच्या उद्योगसमूहाची सुरुवात 1986 मध्ये साफसफाईच्या ठेक्याने झाली. 2017 मध्ये याच समाजाने मिकिस्यू क्री फर्स्ट नेशनसोबत सनकोर या तेलकंपनीच्या टाक्यांच्या प्रकल्पातला 49 टक्के हिस्सा सुमारे 50 कोटी डॉलर मोजून विकत घेतला. याला खैरात कोण म्हणेल?

नावापुरत्या मालकांचा मुद्दा मात्र खरा आहे. मूलनिवासी उद्योग असल्याच्या प्रमाणपत्रासाठी त्यांची किमान 51 टक्के मालकी लागते, तरी पळवाटा निघतात. पण त्यात लुबाडले जातात ते मूलनिवासीच. 2024 मध्ये संसदीय समितीपुढे त्यांच्या नेत्यांनीच हे मांडलं. कोण आपला आणि कोण नाही, ही पडताळणी आमच्याच संस्थांकडे द्या, ही त्यांची मागणी आहे.