‘पाळणाघरात पाठवण्यापूर्वी सिरप पाजा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘पाळणाघरात जाणारे मूल कधीच आजारी पडणार नाही : पाच खात्रीशीर उपाय’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन गटांतून आला आणि तिन्ही वेळा मी तो वाचून सोडून दिला. गेल्या रविवारी भाचीच्या आठ महिन्यांच्या मुलाला मांडीवर घेतले, तेव्हा त्याच्या झबल्याच्या आत काळ्या दोऱ्यात बांधलेली पुरचुंडी हाताला लागली. फडके लाळेने चिंब झाले होते आणि बाळाच्या तोंडालाही कापराचा वास येत होता. “मावशी, पाळणाघरात सगळ्यांना सर्दी आहे, म्हणून बांधली,” असे भाची म्हणाली. त्या संदेशाला तेव्हाच उत्तर द्यायला हवे होते, ते आता देते आहे.

कापूर, ओवा आणि लवंगांची पुरचुंडी गळ्यात बांधावी, हा त्यातला पहिला उपाय. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, एवढेच. त्याने विषाणू मरत नाहीत आणि संसर्ग टळत नाही. उलट कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि अवघा 1 ग्रॅम कापूरही प्राणघातक ठरल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. या वयाचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. शिवाय झोपेत गळ्यातला दोरा कशात अडकून आवळला गेला, तर बाळाला रडताही येत नाही आणि दहा मुले सांभाळणाऱ्या ताईंच्या ते लक्षातही येत नाही.

दुसरा उपाय रोज सकाळी मधाचे चाटण देण्याचा, तोही ‘अगदी सहा महिन्यांच्या बाळालासुद्धा’. मध चाटवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, हे मी जाणते. पण एक वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये, याबाबत बालरोगतज्ज्ञांत दुमत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, आणि मग शौचास न होणे, क्षीण रडणे, मान लुळी पडणे अशी लक्षणे दिसू लागतात.

तिसरा उपाय वाचून मात्र माझा संताप झाला. ‘सर्दी असो वा नसो, पाठवण्यापूर्वी कफ सिरपचा अर्धा चमचा पाजावा, थोडी गुंगी येते, मूल शांत राहते आणि पाळणाघरातून फोन येत नाही,’ असे त्यात लिहिले आहे. रडणारे मूल गप्प करण्यासाठी त्याला गुंगीचे औषध पाजा, असाच याचा सरळ अर्थ होतो. लहान मुलांच्या सर्दीच्या अनेक सिरपांत क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन हे दोन घटक एकत्र असत. पहिल्याने गुंगी येते आणि दुसऱ्याने हृदयाचे ठोके व रक्तदाब यांवर परिणाम होऊ शकतो. हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच दिला होता. त्यानंतर 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात काय घडले, ते विदर्भाने तरी विसरू नये, कारण मूत्रपिंडे निकामी झालेली त्यातली अनेक मुले उपचारांसाठी नागपुरातच आणली गेली होती. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या सिरपच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य 48.6 टक्के आढळले. प्रत्येक सिरप भेसळयुक्त नसते, हे मान्य. परंतु जे औषध दिल्याने बाळाची सर्दी एक दिवसही लवकर बरी होत नाही, त्यासाठी एवढीशीही जोखीम का घ्यायची? केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने 3 ऑक्टोबर 2025 च्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटले आहे की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि साधारणपणे पाच वर्षांखालील मुलांनाही ती सुचवू नयेत. एवढे एक सूचनापत्र वाचले असते, तरी हा मुद्दा लिहिण्याचे धाडस कोणाला झाले नसते. त्यातही गुंगीत पडलेले मूल ताईंना नुसते झोपलेले दिसते. त्याचा श्वास जलद चालला आहे, छाती आत ओढली जाते आहे, ते दूध घेत नाही, ही धोक्याची चिन्हे झोपेआड लपून जातात.

सॅनिटायझर असल्यास साबणाची गरज नाही, हा चौथा मुद्दाही चूक आहे. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही आणि जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. लंगोट बदलल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबण-पाण्याने हात धुतले जातात का, एवढेच पाळणाघरात विचारावे.

आजारी पडूनच मुलाची प्रतिकारशक्ती वाढते, या पाचव्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. पाळणाघरात जाणारी मुले पहिल्या वर्षी वारंवार आजारी पडतात आणि पुढे शाळेत गेल्यावर त्यांना सर्दी-पडसे तुलनेने कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पण त्यावरून ‘गोवरसुद्धा होऊन गेलेला बरा, लस नको’ असा निष्कर्ष काढणे घातक आहे. गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो, आजारी मूल खोलीतून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि मुलाने तोवर कमावलेली प्रतिकारशक्तीही तो पुसून टाकू शकतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा दगावलेल्या मुलांपैकी अनेकांना लस मिळालेली नव्हती.

भाचीने पुरचुंडी तेव्हाच सोडली. बाळाचे नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळे होते आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे पुढच्याच महिन्यात आहे, आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ती तारीख मी लाल पेनाने लिहून आले आहे.