हॅलहनच्या मुली आणि आमचा शाळेचा ग्रुप

फिलाडेल्फियात नवी ओळख झाली की लोक नोकरीचं नंतर विचारतात, आधी विचारतात हायस्कूल कुठलं. समोरचा कॅथलिक असेल तर शाळेबरोबर पॅरिशचं नावही येतं, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतले ते. आपल्याकडे आडनाव ऐकून जे काय ताडतात, ते इथले लोक शाळेवरून ताडतात. अशा शहरात शाळा बंद होणार म्हटल्यावर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच गेल्या महिन्यात आमच्या मुंबईतल्या शाळेच्या ग्रुपवर जे सुरू झालं, त्यात गप्प बसणं जमेना.

झालं असं की आमची संस्था पुढच्या जूनपासून मराठी माध्यमाचे वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करणार, अशी कुणकुण लागली. त्याच आवारात त्याच संस्थेची इंग्रजी शाळा जोरात चालते. ग्रुप पेटला. जुने फोटो, प्रार्थनेचं रेकॉर्डिंग, सह्यांची मोहीम. न्यू जर्सीच्या एका मित्राने जाहीर केलं, ‘आपण बाहेरचे लोक फंड काढू.’ पाठोपाठ एक फॉरवर्ड आला: अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांनी कॅथलिक शाळा वाचवल्या, मग आपण का नाही?

तो फॉरवर्ड माझ्याच शहराबद्दल आहे आणि अर्धा खरा आहे.

खरा अर्धा भाग असा. जानेवारी २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या आर्चडायोसिसने, म्हणजे आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या कॅथलिक धर्मप्रांताने, नेमलेल्या समितीने चार हायस्कुलं आणि चाळीसहून अधिक प्राथमिक शाळा बंद वा विलीन करायची शिफारस केली. चारातलं एक सेंट ह्यूबर्ट्स, ईशान्य भागातलं मुलींचं हायस्कूल. भर थंडीत मुली गणवेशात रस्त्याकडेला पाट्या घेऊन उभ्या राहिल्या, गाड्या हॉर्न वाजवत जायच्या, आणि आजीच्या वयाच्या माजी विद्यार्थिनी फोनवर फोन लावून पैसे गोळा करत होत्या. फेब्रुवारी संपायच्या आत आर्चबिशप शापू यांनी चारही हायस्कुलं चालू राहतील असं जाहीर केलं. तोवर १ कोटी २० लाख डॉलरची आश्वासनं आली होती. त्याच वर्षी ‘फेथ इन द फ्यूचर’ या स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे आर्चडायोसिसच्या सतरा हायस्कुलांचा कारभार सोपवला गेला, आणि त्याची धुरा एका मोठ्या विमा कंपनीच्या निवृत्त प्रमुखाने घेतली.

फॉरवर्डमध्ये नाही तो भाग आधीचा आणि नंतरचा. दोनच वर्षं आधी, २०१० मध्ये, कार्डिनल डॉअर्टी हायस्कूल बंद झालं होतं. साठच्या दशकात तिथे सहा हजारांच्या आसपास मुलं होती. जगातलं सर्वांत मोठं कॅथलिक हायस्कूल म्हणून ते मिरवायचं. शेवटी उरली सातशेच्या आत. आणि ज्या प्रतिष्ठानाचं एवढं कौतुक, त्याचा कारभार असतानाच नोव्हेंबर २०२० मध्ये हॅलहन आणि बिशप मॅकडेव्हिट ही दोन हायस्कुलं बंद करायचं ठरलं, आणि जून २०२१ मध्ये ती बंद झालीही.

हॅलहन १९०१ चं, आर्चडायोसिसचं मुलींसाठीचं हायस्कूल, शहराच्या मध्यावर, कॅथीड्रलजवळ. शाळेचं बोधचिन्ह मिकी माऊस. वर्षाच्या शेवटच्या दिवशी बारावीच्या मुली गणवेशासकट लोगन सर्कलच्या कारंज्यात उड्या मारायच्या, आणि शहर ते कौतुकाने बघायचं. बंदची बातमी आली तेव्हा सह्या झाल्या, निदर्शनं झाली. या खेपेला निर्णय फिरला नाही.

आमच्या शेजारच्या बाई हॅलहनच्या. सत्तरी ओलांडलेली, अजून मिकीचा स्वेटशर्ट घालून बर्फ उपसतात. निदर्शनांना त्या गेल्या होत्या. मी विचारलं, तुमच्या मुली कुठे शिकल्या? म्हणाल्या, ‘इथे उपनगरात, सरकारी शाळेत. एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, वर दोघींची फी कुठून आणणार?’ सांगताना जराही ओशाळल्या नाहीत, आणि ओशाळायचं कारणही नव्हतं. पण शाळा का बंद झाली, याचं निम्मं उत्तर त्यांनी दिलं होतं.

उरलेलं निम्मं पगारपत्रकात आहे. जुन्या कॅथलिक शाळा स्वस्त होत्या, कारण शिकवणाऱ्या नन्स नाममात्र पैशांत राबत. आज शिक्षक जवळजवळ सगळे संसारी माणसं, त्यांना पूर्ण पगार लागतो आणि तो फीमधून येतो. हायस्कूलची फी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात गेली. १९९७ मध्ये पेनसिल्व्हेनियात चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचा, कायदा आला आणि फुकट पर्याय दारात उभा राहिला. त्यात धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक अत्याचारांवर २००५ आणि २०११ चे ग्रँड ज्युरीचे, म्हणजे गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे, अहवाल. विश्वास उडालेल्यांना फीचं निमित्तही लागलं नाही.

आणि देणग्यांचंही एक गुपित आहे, खरं तर उघडच आहे. पेनसिल्व्हेनियात कंपनीने शिष्यवृत्ती संस्थेला पैसे दिले, तर त्यातले ७५ टक्के, दोन वर्षांची हमी दिल्यास ९० टक्के, करातून वजा होतात. म्हणजे ‘माजी विद्यार्थ्यांनी वाचवलेली’ शाळा काही अंशी सरकारी तिजोरीवर तगते. आपल्याकडे अनुदानित शाळांना ‘सरकारवर अवलंबून’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता घरचं. महाराष्ट्रात सध्या शाळाबंदीचे दोन वाद एकमेकांत मिसळले जातात. एक वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा. २०२३ मध्ये सरकारने समूह शाळांची, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करायची, कल्पना पुढे केली तेव्हा अशा शाळांचा आकडा १४ हजार ७८३ सांगितला गेला. त्यानंतर १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयाविरुद्ध शिक्षक रस्त्यावर आले. पाड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीला एक किलोमीटरच्या आत शाळा देणं हे शिक्षण हक्क कायद्याने सरकारचं काम आहे. तिथे फिलाडेल्फियाचा दाखला देऊन डॉलर पाठवू नयेत. आपण पैसे पाठवले की सरकारला हात झटकायला मोकळीक, आणि आपला उत्साह मावळला की त्या मुलीला ना सरकार ना देणगीदार. तिथे लढायचं ते हक्कासाठी.

आमच्या शाळेचा वाद दुसऱ्या जातीचा. ही खासगी संस्थेची अनुदानित शाळा, शिक्षकांचा पगार सरकार देतं. फंड काढून करणार काय? पट नाही हे खरं दुखणं, आणि ग्रुपवरच्या मुंबईकरांपैकी बहुतेकांची मुलं आयसीएसई किंवा सीबीएसईत आहेत. माझी तर अमेरिकेतच. त्यामुळे ‘मराठी शाळा जगली पाहिजे’ म्हणायचा आम्हाला अधिकारच नाही, असं काहीजण टोमणे मारतात. मला ते पटत नाही. मूल तिथे घालण्यापलीकडेही शाळेशी नातं असतं, हॅलहनच्या बाईंचं होतं तसं. फक्त ते नातं पट कोसळायच्या आधी कामाला यायला हवं, आणि संस्थेचे लोक मराठी वर्गांची जाहिरात करायचंच सोडून देतात, तेव्हा विचारणारं कोणीतरी लागतं.

म्हणून ग्रुपवर मी फंडाऐवजी दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, संस्थेचे सभासद व्हा, घटनेत बसत असेल तर. सह्यांचा कागद शिपाई ठेवून घेतो. सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर सर्वसाधारण सभेत द्यावं लागतं. दुसरी, जमिनीकडे लक्ष ठेवा. उपनगरातल्या स्टेशनजवळचा तो भूखंड आज मराठी वर्गांपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे तो विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि तिथे हरकत घेता येते. आर्चडायोसिसच्या शाळांत माजी विद्यार्थिनींना एवढीही जागा नव्हती. इमारत चर्चची, निर्णय चर्चचा. त्यांच्या हातात विनंती आणि चेकबुक एवढंच.

न्यू जर्सीचा मित्र रागावला. म्हणाला, तू पैसे द्यायचं टाळतोयस. देईन म्हटलं, पण आधी गेल्या पाच वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल आणि दोन्ही माध्यमांचा वर्गवार पट ग्रुपवर टाका. बोरिवलीचा एकजण सोमवारी संस्थेच्या कार्यालयात अर्ज देणार आहे. मसुदा मी त्याला पाठवला आहे. त्यात माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आमच्या मराठीच्या बाईंनीच काढल्या.