‘पर्यटकबाई’कडून उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या सिमॅरन काउंटीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा सकाळी, एकदा डबा खाताना, आणि एकदा नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. तो म्हणाला, सोडून दे. सोडलं नाही.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बॉम्बची तारीख चुकली, गावाचं नाव ‘बॉइझी’ आहे, ‘बॉइस’ नाही, गुलामगिरीचा विषय उगाच घुसवला, तिथली माणसं कमी झाली ती १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी नव्हे तर ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपांनी, आणि शेवटी, “चार दिवस गाडीतून फिरून आलेल्या पर्यटकबाईंनी तिथल्या लोकांना ‘चिवट’ वगैरे प्रशस्तिपत्रकं वाटू नयेत.”

तारखेचं तुमचं बरोबर आहे. डॅलहार्टच्या तळावरून सरावाला निघालेलं बी-१७ विमान वाट चुकलं, कोर्टाच्या चौकातले दिवे म्हणजेच आपलं लक्ष्य असं समजलं आणि बॉइस सिटी गावावर सहा सराव-बॉम्ब टाकून गेलं, ते ५ जुलै १९४३ला, मध्यरात्र उलटल्यावर. मी ‘४ जुलैच्या रात्री’ असं लिहिलं होतं. आमच्या घरी सूर्य उगवेपर्यंत तारीख बदलत नाही, पण असो. दुरुस्त केलं आहे. कुणालाही इजा झाली नाही, हे मी बरोबर लिहिलं होतं. त्याबद्दल अर्थातच तुम्ही काही बोलला नाहीत.

बॉइझी ती आयडाहोतली. ओक्लाहोमातलं गाव बॉइस सिटी, ‘व्हॉइस’शी यमक जुळणारं. हे कळायला तिथल्या माणसाशी दोन वाक्यं बोलावी लागतात.

गुलामगिरी मी घुसवली नाही, नकाशातच आहे. टेक्ससला गुलाम ठेवायचे होते आणि ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती, म्हणून तिथली जमीन १८५०मध्ये त्याला सोडावी लागली. पुढे कॅन्ससची हद्द ३७ अंशांवर थांबली. मधली चिंचोळी पट्टी १८९०पर्यंत कुठल्याच राज्यात किंवा टेरिटरीत नव्हती. ‘नो मॅन्स लँड’ म्हणायचे तिला. तिचं पश्चिम टोक म्हणजे आजची सिमॅरन काउंटी. आपल्या राज्याखेरीज आणखी चार राज्यांना भिडणारी अमेरिकेतली ही एकमेव काउंटी, आणि तीही अशा वाटपातून उरलेली.

आता पर्यटकबाई.

हे ‘चार दिवस’ तुम्ही कुठून आणलेत? लेखात एका फेरीचे फोटो होते, म्हणून तेवढी एकच फेरी? मी टेक्ससमधल्या अमॅरिलोत चौदा वर्षं राहते. बॉइस सिटी घरापासून दोन तासांवर. सात वेळा गेले आहे. एकदा मार्चमध्ये असा वारा होता की गाडीचं दार उघडायला नवऱ्याला बाहेरून ओढावं लागलं. ब्लॅक मेसावर, म्हणजे ओक्लाहोमाच्या सर्वांत उंच जागी, ४,९७३ फुटांवर, गुडघा दुखत असताना चालत गेले. केंटनला पोचल्यावर घड्याळ तासभर मागं करायचं असतं, कारण ते चिमुकलं गाव बाकीच्या राज्याची वेळ पाळतच नाही. पर्यटकही हे करतात म्हणाल. बरं.

मग हे ऐका. माझा जन्म माणदेशातला. बाहत्तरच्या दुष्काळात मी चार वर्षांची होते. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची आणि मी कडेला बसून सुकडी खायचे. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापतानाच तुटायची, आणि आजी प्रत्येक भाकरीला अमेरिकेला शिव्या द्यायची. सिमॅरनला पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडी, बुटकी कणसं उभी होती. पेट्रोलपंपावरच्या बाईंना विचारलं, कसलं पीक हे? त्या म्हणाल्या, “माइलो.” मी गाडीत येऊन बसले, आणि नवऱ्याला किती तरी वेळ गाडी सुरू करू दिली नाही.

तेव्हा ‘चिवट’ हा शब्द मी कुठल्या माहितीपत्रकातून उचललेला नाही. गव्हाला भाव होता म्हणून त्या लोकांनी गवताळ रान नांगरलं, पाऊस गेला, आणि मुळं धरून ठेवणारं गवतच नसल्यानं जमीन उडाली. चूक त्यांचीच होती, हे मीही लिहिलं आहे. पण १४ एप्रिल १९३५चा तो धुळीच्या वादळाचा काळा रविवार सोसून, खिडक्यांना ओल्या चादरी लावून जे राहिले, त्यांना दुसरं काय म्हणू? कॅलिफोर्नियाकडे गेलेले ‘ओकी’ म्हणून आपल्याला जे माहीत असतात, ते बहुतेक पूर्व ओक्लाहोमातले, वाट्यानं कापूस कसणारे. पॅनहँडलमधले, म्हणजे या चिंचोळ्या पट्टीतले, बरेच जण जागचे हललेच नाहीत. आमच्याकडेही बाहत्तरला सगळे मुंबईला गेले नाहीत. माझी आजी गेली नाही.

राहता राहिले ट्रॅक्टर आणि पंप. १९३०मध्ये ५,४०८ माणसं, १९४०मध्ये ३,६५४. ही धूळच, यावर वाद नको. १९५०ला आकडा ४,५८९वर चढला आणि त्यानंतर दर मोजणीत उतरत २०२०मध्ये २,२९६वर आला, अख्ख्या गोव्याहून मोठ्या मुलखात. ही नंतरची घसरण धुळीची नाही, मान्य. शेतं मोठी झाली, माणसं लागेनाशी झाली, ओगलाला या जमिनीखालच्या साठ्याचं पाणी खोल चाललं आहे. पण माझा लेख १९३०च्या दशकावर होता. या नंतरच्या घसरणीवर वेगळं लिहीन, सवड झाली की. किंवा तुम्हीच लिहा. एवढे बारकावे ठाऊक असलेल्या माणसानं टोपणनावाआडून चार ओळी टाकून निघून जावं, याचं मला खरंच नवल वाटतं.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. बॉम्बची तारीख बदलली आहे. ‘चिवट’ जिथं होता तिथंच आहे.