एफ/४ न्यूटोनियन दुर्बिणीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील आमच्या दुकानातून आपण नेलेल्या २०० मिमी व्यासाच्या, ८०० मिमी नाभीय अंतराच्या (८०० भागिले २००, म्हणून एफ/४) न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीचा आरसा सदोष आहे, छायाचित्रात कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे येतात आणि मध्यरात्रीनंतर सगळेच चित्र धूसर होते, असे आपण लिहिले आहे. कडेच्या ताऱ्यांचा हा दोष दुरुस्त करणारा भिंगांचा जोडभाग, म्हणजे कोमा करेक्टर, वेगळा विकत घ्यावा लागतो, याबद्दलही नाराजी व्यक्त केली आहे. मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र सोबत जोडलेत याबद्दल मनापासून आभार, कारण निदान त्यावरूनच करता येते.

ते मोठे करून पाहिले असता मध्याजवळचे तारे गोल दिसतात. आरशाच्या घडणीत दोष असता किंवा त्याच्या क्लिपा जास्त आवळलेल्या असत्या, तर मध्यभागीही तारे लांबट किंवा तिकोनी आले असते. कडेच्या ताऱ्यांची टोकदार बाजू आत आणि पसरट बाजू बाहेर आहे. कडेच्या ताऱ्यांना अशी शेपटी फुटण्याच्या दोषाला कोमा म्हणतात, आणि दुर्बिणीचा पॅराबोलिक (अन्वस्ताकार) आरसा कितीही अचूक असला तरी तो राहतोच. मध्यापासून तेवढ्याच अंतरावर एफ/४ दुर्बिणीत तो एफ/८ च्या चौपट असतो. मात्र आपल्या छायाचित्रातील शेपट्यांच्या रेषा आतल्या बाजूला वाढवल्या, तर त्या चित्राच्या मध्यावर न मिळता डावीकडे खाली एकत्र येतात, म्हणजे कोलिमेशनही (आरशांची एका अक्षावरील जुळणी) सरकले आहे. एफ/४ ला कोमापासून जवळजवळ मुक्त असलेले क्षेत्र जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचे असते, एफ/८ ला ते ११ मिलिमीटरच्या आसपास भरते. त्यामुळे शहराबाहेर गाडीतून नेताना बसलेल्या धक्क्यांनी आरशाचे स्क्रू किंचित सैल झाले तरी त्याचा परिणाम चित्रात लगेच दिसतो. दुर्बीण जागेवर लावल्यावर दर वेळी कोलिमेशन तपासावे, आणि लेझर वापरत असल्यास आधी लेझरच सरळ आहे ना हे पाहावे, असा आमचा आग्रह असतो.

मध्यरात्रीनंतरच्या धूसरपणाचे कारण बहुधा तापमान आहे. ८०० मिमी लांबीची पोलादी नळी दर अंशाला सुमारे १० मायक्रॉन आकसते आणि एफ/४ ला फोकसची एकूण मुभा ४० मायक्रॉनच्या आसपासच असते. आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा सहा-सात अंशांनी सहज उतरतो, त्यामुळे रात्री आठला केलेला फोकस दोन वाजेपर्यंत टिकत नाही. तासाभराने बाहतिनोव मास्क (फोकस अचूक साधण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची चकती) लावून तो पुन्हा साधावा.

करेक्टर दुर्बिणीच्या किमतीत धरलेला नाही, कारण तो कॅमेऱ्यानुसार निवडावा लागतो आणि ज्यांना फक्त डोळ्याने पाहायचे असते त्यांच्यापैकी अनेकांना तो नको असतो. कॅमेऱ्यासाठी मात्र तो आवश्यकच आहे. बहुतेक करेक्टरना सेन्सरपासून ५५ मिमी अंतर लागते. आपला कॅमेरा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि त्यामुळे पातळ असल्याने, हे अंतर भरून काढणारी योग्य जाडीची अॅडॉप्टर रिंग नसेल, तर करेक्टर लावूनही कडा सुधारणार नाहीत.

हे सगळे सांभाळूनही आम्ही हीच दुर्बीण सुचवतो. एफ/८ ला एखाद्या तेजोमेघासाठी चार तास लागत असतील, तर एफ/४ ला तेवढाच प्रकाश सेन्सरवर एका तासात जमा होतो, आणि नोकरी सांभाळून अमावास्येजवळची एखादीच रात्र मिळवणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे चार किरण दुय्यम आरशाच्या आधारपट्ट्यांमुळे येतात. कृत्तिकांच्या चित्रात ते मला स्वतःला आवडतात.

आपण दुर्बीण दुकानात आणावी. आपल्यासमोर कोलिमेशन करून ताऱ्यावर चाचणी घेऊ, आणि मध्यावरील ताऱ्यात आरशाचा दोष आढळला तर आरसा विनामूल्य बदलून देऊ. येत्या अमावास्येसाठी दुकानातील करेक्टर वापरायला देऊ. तो आवडला तरच घ्यावा. येताना कॅमेरा आणि सध्या वापरत असलेली अॅडॉप्टर रिंग सोबत आणावी, म्हणजे ५५ मिमीचे अंतर तिथेच मोजून घेता येईल.