फेडरल कोर्ट स्टेट कोर्टाच्या डोक्यावर बसलेलं नाही

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींमध्ये एक सल्ला फिरत असतो: ‘स्टेट कोर्टात हरलात तर वरच्या फेडरल कोर्टात अपील करा. घटस्फोटापासून ग्रीन कार्डापर्यंत तिथे सगळं चालतं, फक्त दावा ७५ हजार डॉलरचा हवा. न्यूअर्क नको असेल तर ट्रेंटनला लावा.’

‘वरच्या’ इथेच घोळ आहे. जिल्हा न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट ही आपल्या डोक्यात बसलेली एकच शिडी. अमेरिकेत शिड्या दोन. राज्याच्या सुपीरियर कोर्टात हरलेला माणूस त्याच कोर्टाच्या अपील विभागाकडे जातो, मग राज्याच्या सुप्रीम कोर्टाकडे. दुसरी शिडी फेडरल. तिथलं यूएस डिस्ट्रिक्ट कोर्ट हे ट्रायल कोर्ट, म्हणजे खटला पहिल्यांदा चालतो ते. राज्याच्या निकालावर अपील ऐकायचा अधिकार त्याला नाही. (राज्याच्या कोर्टाने शिक्षा केलेल्या कैद्याचा हेबिअस कॉर्पस अर्ज, म्हणजे कैद बेकायदा असल्याची तक्रार, हा अपवाद.) बहुधा कुणीतरी ‘केस फेडरलला हलवली’ असं ऐकलं असेल. ते प्रतिवादी करतो, तेही सुरुवातीच्या ३० दिवसांत, निकालानंतर नव्हे. आणि राज्यातल्या अपिलाची मुदत ४५ दिवसांची. भलत्या कोर्टात फेऱ्या मारताना ती निघून जाते.

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा: नाही. नवरा-बायको वेगळ्या राज्यांत राहात असले तरी नाही. १९९२ साली अमेरिकी सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा स्पष्ट केलं.

आता ७५ हजार. फेडरल कायद्यावर उभ्या असलेल्या दाव्याला साधारणपणे रकमेची अट नसतेच. करारभंग, अपघात असा राज्याच्या कायद्याखालचा दावा असेल तर रक्कम ७५,००० पेक्षा जास्त हवी, शिवाय दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या हव्यात. एक वादी आणि एक प्रतिवादी जरी एकाच राज्याचे निघाले तरी दावा तिथे टिकत नाही. हा नियम १८०६ पासूनचा. आपल्या लोकांची खरी गंमत पुढेच आहे. एडिसनमध्ये एच-वन-बीवर राहणाऱ्याने तिथल्याच अमेरिकन कंत्राटदारावर ९० हजारांचा दावा लावला, तर तो परदेशी नागरिक म्हणून फेडरल कोर्टात जाऊ शकतो. त्याच्या ग्रीन कार्डवाल्या शेजाऱ्याला मात्र तोच दावा तिथे लावता येत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो आणि कंत्राटदार दोघेही न्यू जर्सीतच कायमचे स्थायिक.

इमिग्रेशनचं अर्धं खरं. नागरिकत्वाच्या मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर डिस्ट्रिक्ट कोर्टात दाद मागता येते. हद्दपारीचा मार्ग वेगळा: आधी न्याय खात्याच्या अखत्यारीतलं इमिग्रेशन कोर्ट, मग त्याच खात्याचं अपील मंडळ, मग थेट फिलाडेल्फियाचं थर्ड सर्किट हे फेडरल अपील कोर्ट.

राहिलं न्यूअर्क की ट्रेंटन. अख्खं न्यू जर्सी हा एकच डिस्ट्रिक्ट. न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन या त्याच कोर्टाच्या तीन जागा. प्रतिवादी कुठे राहतो, प्रकरण कुठे घडलं, साक्षीदारांची सोय कशी, हे बघून कोर्टाचा क्लार्क केस वाटून देतो. वादीच्या पसंतीवर ते ठरत नाही.