द्राक्षमण्याची तपासणी होते, बागेतल्या बाईच्या पोटातल्या बाळाची होत नाही

मी सांगलीत मानसशास्त्र शिकवते आणि माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागांच्या मधोमध. वर्गात शिकवताना जे अभ्यास समोर येतात ते वाचून मला सतत आमच्याच शिवारातल्या बायका आठवतात. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

जोसेफ आणि सँड्रा जेकबसन हे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले बालविकासाचे मानसशास्त्रज्ञ. मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या बायकांची मुलं त्यांनी वर्षानुवर्षं तपासली. त्या माशांत पीसीबी होतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं रसायन. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आली, पण माशांच्या चरबीत ते उरलंच. बाळ सात महिन्यांचं झालं की त्याला दोन चित्रं दाखवायची, एक आधी पाहिलेलं, एक नवं. बाळं साधारणपणे नव्याकडे जास्त वेळ टक लावतात. पोटात असताना ज्यांच्या वाट्याला पीसीबी जास्त आलं, त्यांची ही ओढ कमी होती. इतकी साधी चाचणी, पण तिच्यातून कळलं की आठवण ठेवण्याची क्षमता तेव्हाच कमी पडते आहे.

हीच मुलं अकरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, २१२ जण. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत जास्त संपर्क आलेल्या मुलांत बुद्ध्यंक कमी येण्याची शक्यता तिप्पट, आणि वाचून समजण्यात दोन वर्षं मागे असण्याची दुप्पट. आणखी एक गोष्ट पोरीबाळींना मुद्दाम सांगते. दुधातून बाळाला पीसीबी जास्त जातं, तरी नुकसान जोडलेलं निघालं ते पोटातल्या संपर्काशी. तेव्हा कुणी काही म्हटलं तरी अंगावरचं दूध तोडू नका.

आता मासे सोडून शेताकडे येते. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांमधल्या गरोदर बायकांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश मोजले. ज्यांच्यात ते सर्वांत जास्त होते त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक, सर्वांत कमी असलेल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी खाली होता. मेक्सिकोतल्या याकी खोऱ्यात एलिझाबेथ गिलेट या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी चार-पाच वर्षांच्या मुलांना माणसाचं चित्र काढायला सांगितलं. डोंगरउतारावरच्या मुलांनी हात, पाय, डोळे असलेली माणसं काढली. फवारणीच्या खोऱ्यातल्या अनेक मुलांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या होत्या. १९९८ चा हा छोटासा अभ्यास. पण त्यातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही: दोन्हीकडच्या मुलांच्या वाढीत फरक नव्हता.

आपल्या अंगणवाडीत काय मोजतात? उंची आणि वजन.

एका मुलाकडे बोट दाखवून ‘हे फवारणीच्या औषधामुळेच’ असं कुणालाही म्हणता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. गरिबी, आहार, घरातलं बोलणं, शाळा, सगळ्याचा वाटा असतो. हे अभ्यास सरासरी सांगतात. पण मूल वर्गात मागं पडलं की आपण काय म्हणतो? ‘डोकंच चालत नाही त्याचं.’ नाहीतर ‘आईचं लक्ष नाही.’ बाई दिवसभर दुसऱ्याच्या बागेत वाकून काम करते, आणि दोषही तिच्याच पदरात. मला याचा फार राग येतो.

द्राक्षावर रोग आणि किडी किती: डावणी, भुरी, करपा, पिठ्या ढेकूण. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत औषधं सुटत नाहीत, आणि पाऊस लांबला तर विचारूच नका. बागायतदाराला मी दोष देत नाही, एका रात्रीत डावणी आली तर वर्ष जातं. पण फवारणीचा ब्लोअर फिरून गेल्यावर त्याच ओळीत विरळणीला बायकांची टोळी शिरते. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना रसायनाची पेस्ट लावायला बायकाच असतात, कधी हातमोज्यांशिवाय. कडेला झोळीत तान्हं असतं.

२०१० मध्ये द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपने आपला माल अडवला. तेव्हा केवढा हाहाकार झाला! आज ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ऑनलाइन यंत्रणेत, बागेची नोंद, माल काढण्याआधी नमुना, प्रयोगशाळेत अंश तपासणी, सगळं शिस्तीत चालतं. परदेशातलं मूल आपलं द्राक्ष निर्धास्त खातं याचा मला अभिमानच आहे. मग ज्या हातांनी त्या घडांची विरळणी केली, त्या बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत काय पोचलं हे मोजायची सोय का नसावी? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला विलंब तपासायचं लिहिलेलं आहे. द्राक्षपट्ट्यातल्या गावांत ही तपासणी नीट, दरवर्षी व्हावी, आणि विद्यापीठांनी गरोदरपणापासून मुलांचा पाठपुरावा करणारा अभ्यास इथेच, तासगाव-मिरज-कवठेमहांकाळला सुरू करावा.

तोवर बागायतदारांनी आणि मुकादमांनी एवढं तरी करावं. गरोदर बाईला पेस्ट लावायला आणि फवारलेल्या ओळीत विरळणीला घेऊ नका. तिला दुसरं काम द्या, म्हणजे तिचा रोज बुडणार नाही. औषध मारल्यावर लगेच टोळी आत सोडू नका, आणि डब्यावर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे सर्वांत विषारी गटातलं औषध असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला. रिकामे डबे पाण्यासाठी घरी देऊ नका. पोरं येणारच असतील तर त्यांची बसायची जागा बागेपासून लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला करा. छाटण्या तोंडावर आल्यात, तेव्हा टोळी ठरवतानाच मुकादमाशी हे बोलून घ्या.